सर्वांत पातळ काप

मी वस्तरा आहे, पण गालाचा नव्हे, झाडाचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पाहून ज्याचा हात हनुवटीकडे गेला नाही असा पुरुष मला अजून भेटलेला नाही. दाढीच्या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासलेल्या असतात. माझी एक बाजू खोलगट आहे आणि दुसरी पाटीसारखी सपाट. आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, सुवाच्या, या सरकारी प्रयोगशाळेत हा फरक आजवर एकाच व्यक्तीला कळला, आणि तिला निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

जन्म माझा शेफील्डचा. तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, घासलं आणि मखमलीच्या डबीत निजवून बोटीवर चढवलं. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कल्पना असती, तर मी त्या मखमलीतच गंजून घेतलं असतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. देठाचा, मुळाचा किंवा पानाचा इतका पातळ काप काढायचा, की छापील कागदावर ठेवला तर खालचं अक्षर वाचता यावं. असा काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाड पोटातलं सगळं सांगून टाकतं. मूळ आहे की खोड, असली आहे की नकली, सगळं. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही, हे मला फार खटकतं.

मला पहिल्यांदा नीट हातात धरलं ते सुखराजी दीदींनी. लंबासाकडच्या ऊसतोड्याची मुलगी. पातं कसं धरायचं हे घरूनच शिकून आलेली. रोज सकाळी त्या मला चामड्याच्या पट्ट्यावर परजत, मग पाण्यात बुडवत, मग कामाला घेत. पातं ओलं हवं, ओढ एकच हवी, स्वतःच्या दिशेने, तिरकी. करवतीसारखं पुढे-मागे केलं की त्या शिकाऊ मुलींना म्हणत, "लाकूड फोडायचं असेल तर अंगणात जा."

मूळ बारीक असतं. नुसतं चिमटीत धरून कापलं तर मुळाआधी बोट कापलं जातं. म्हणून दीदी गाजराला उभी चीर देत, तिच्यात मूळ बसवत आणि गाजरासकट कापत. पाण्याच्या बशीत काप तरंगू लागले की गाजराचे केशरी आणि मुळाचे पांढरे. केशरी सोडून द्यायचे आणि पांढऱ्यांतला सर्वांत पातळ काप ब्रशने उचलायचा. गाजरच का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "साहेबांनासुद्धा कळावं म्हणून." एकतीस वर्षं त्यांनी मला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांच्याबद्दल चार जण बोलले, सहा जण रडले आणि त्यांच्या निरोपाचा केक मलाच कापायला लावला. दीदी बघत होत्या. त्यांनी नुसता ओठ आत ओढून घेतला. साखरेचा तो गुलाबी लगदा माझ्या मुठीच्या सांध्यात आठवडाभर चिकटून होता आणि त्यावर मुंग्या येत होत्या. शिसारी म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

पुढची सात वर्षं त्याच मार्गाने गेली. मी पार्सलाच्या दोऱ्या कापल्या, आंबे चिरले, खिडकीवरचा रंग खरवडला. प्रयोगशाळेचे प्रमुख शिऊ साहेब पायाला भोवरी झाली की दार लोटून घेत आणि मला बोलावत. त्या कामाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की मला नंतर कुणी धुतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच पात्याने कुणाच्या तरी पावाला लोणी लावलं गेलं.

दीदींच्या जागी मासेमारी खात्यातून इलाइसा आला. चाळिशीचा, देहाने भरलेला, मनाने निर्मळ. माशाचा खवला पाहून तो माशाचं वय सांगत असे. झाडाशी त्याचा संबंध फक्त जेवणाच्या वेळी येई. बदली झाली, टेबल मिळालं, टेबलाच्या खणात मी मिळालो. शिकवायला कुणी नव्हतं. जाताना दीदींनी वहीत सगळी रीत लिहून ठेवली होती. ती वही शिऊ साहेबांनी महत्त्वाची म्हणून कुलपात ठेवली आणि किल्ली हरवली. तोंडी परंपरेने इलाइसापर्यंत दोनच नियम पोहोचले: मूळ भिजवून गाजरात धरावं आणि सर्वांत पातळ काप निवडावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतोय, तिच्याकडे येतो.

यंगोनाची मुळं कुटून पाण्यात कालवायची आणि सगळ्यांनी बसून ते पाणी प्यायचं, यावाचून इथे बारसं होत नाही, मयत होत नाही आणि भांडणही मिटत नाही. ती मुळं परदेशी जाऊ लागल्यापासून भेसळही सुरू झाली. कुणी खोडाचे तुकडे घालतं, कुणी साली घालतं. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यातली तीन मुळं आमच्याकडे तपासायला येतात.

काही महिन्यांपूर्वी कांदावू बेटावरून एका पोत्यातली तीन मुळं आली. चिठ्ठीवर नाव होतं सेरुवाया. विधवा बाई. नवऱ्यामागे त्याच्या डोंगरउतारावर तिने यंगोना लावली, पाच वर्षं वाढवली. आजवर घरचा माल दिराच्या, साकिउसाच्या, नावाने जाई. या खेपेला तिने हट्टाने स्वतःचं नाव लिहायला लावलं. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा माझ्यासमोर आली ती तीन मुळं. वाळून काठीसारखी झालेली, पण निर्मळ. इतक्या चांगल्या मुळाला मी कित्येक वर्षांत शिवलो नव्हतो.

इलाइसाने ती रात्रभर पाण्यात भिजवली. इथवर त्याचं बरोबर होतं. सकाळी गाजर नव्हतं. वादळानंतर महिनाभर भाजीबाजारात गाजर दिसत नव्हतं आणि ते केशरी का लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे काहीतरी मऊ लागतं, एवढंच. त्याच्या पिशवीत घरी न्यायला घेतलेला कसावा होता. तुम्ही ज्याचा साबुदाणा करता तोच कंद. त्याने कसाव्याला चीर दिली, मूळ बसवलं आणि मला ओढलं.

बशीत काप तरंगले. यंगोना पांढरी, कसावाही पांढरा.

मूळ चिवट होतं आणि मला सात वर्षांत पट्टा लागला नव्हता. त्यामुळे मुळाचे काप जाड निघाले. कसावा मऊ, त्याचे मात्र सुरेख निघाले, अगदी डोळ्यासमोर धरून खिडकी बघावी असे. इलाइसाने नियमाप्रमाणे सर्वांत पातळ काप उचलला. तिन्ही मुळांच्या वेळी उचलला. तिन्ही वेळा नियम तंतोतंत पाळला.

शिऊ साहेबांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला आणि म्हणाले, वा. इतका स्वच्छ कसावा त्यांनी पुस्तकातही पाहिला नव्हता. नळीतून मान वर न काढताच त्यांनी मजकूर सांगितला: तीनपैकी तीन नमुन्यांत कसावा आढळला, माल भेसळीचा. खाली सही केली. सहीखाली दोन रेघा ओढायची त्यांना सवय आहे.

मी बशीशेजारी ओला पडून होतो. आपल्याला तोंड नाही याचं दुःख मला तोवर कधी झालं नव्हतं. उलट, ज्यांना आहे त्यांचे हाल पाहून बरंच वाटायचं. त्या दिवशी मात्र माझ्याच धारेची मला किळस आली.

तीन आठवड्यांनी सेरुवाया आली. फेरीबोटीने, छापील कापडाचा सुलू नेसून, मांडीवर चटईचं बोचकं घेऊन. तिला बाकावर अडीच तास बसवलं. मग शिऊ साहेबांनी आत बोलावलं आणि मारामा, मारामा, म्हणजे बाईसाहेब, बाईसाहेब, करत अहवाल वाचून दाखवला. तो तिला पाठच होता.

ती मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. तिने सांगितलं ते असं. तिच्या सख्ख्या मामाचं मयत झालं. गावाने रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या जुड्या मांडल्या. तिचीही जुडी होती. अहवालाची बातमी आदल्याच दिवशी गावात पोहोचली होती. साकिउसाने तिची जुडी उचलली आणि बाजूला, चपलांपाशी, ठेवली. म्हणाला, मेलेल्या माणसाला कसावा पाजायचा नाही. कुणी हसलं नाही, ते तिला जास्त लागलं. येत्या रविवारी गावच्या बैठकीत शेतकऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढायचं ठरलं होतं. नाव गेलं की उतारही दिराकडे जाणार होता.

"माझ्या उतारावर कसावा नाही," ती म्हणाली. "रानडुकरं ठेवत नाहीत. मला कसावा जावेकडून मागून आणावा लागतो. भेसळीसाठी मागून आणायचा का?"

साहेब म्हणाले की सूक्ष्मदर्शक खोटं बोलत नाही. ती म्हणाली की तो तिच्याशी काहीच बोललेला नाही, तेव्हा एकदा भेट घालून द्यावी. इलाइसाने काच लावून दिली. तिने डोळा लावला. तिला तिच्याच पापण्या दिसल्या. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हे नको. तुम्ही कसं कापता ते दाखवा."

साहेबांच्या मते त्याची गरज नव्हती. इलाइसाला मात्र आपलं काम कुणी बघायला मागतंय याचं कौतुक वाटलं. बिचाऱ्याला इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. त्याने तिच्याच पोत्यातलं उरलेलं मूळ घेतलं, मला धुतलं, पिशवीतून कसावा काढला, चीर दिली, मूळ बसवलं.

"हे काय?" ती म्हणाली.

"धरायला. नुसतं धरलं तर बोट कापतं."

"आणि मग यालाही कापतोस?"

"दोन्ही बरोबरच कापतात."

"मग आत बघतोस ते कुणाला, बाबा? माझ्या मुळाला की तुझ्या जेवणाला?"

इलाइसाचा माझ्यावरचा हात थांबला. त्याच्या बोटांना घाम सुटलेला मला कळला. त्याने बशीत पाहिलं, कसाव्याकडे पाहिलं, पुन्हा बशीत पाहिलं आणि खाली बसला. मग हळूच म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. तिन्ही वेळा मीच केली."

इथे गोष्ट संपायला हवी होती. आता माणसांची खरी रीत ऐका.

शिऊ साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, अहवालात चूक नाही. तपासलेल्या कापात कसावा आढळला, असं लिहिलं आहे. आणि कापात कसावा होताच. तो कुठून आला, हे अहवालाने म्हटलेलंच नाही. दिलेला अहवाल मागे घेण्याची पद्धत नाही. मारामांनी नव्याने तीन मुळं पाठवावीत, त्यांना नवा क्रमांक मिळेल, त्यांचा नवा अहवाल निघेल. जुना आपल्या जागी राहील. सेरुवायाने विचारलं, रविवारच्या आधी निघेल का? साहेब म्हणाले, दोन महिने लागतात.

मी भोवरी कापली आहे, तो गुलाबी केक कापला आहे, पण त्या क्षणी जितका वीट आला तितका कधी आला नव्हता. चूक करणारा खाली मान घालून बसला होता आणि न करणारा चूक जपून ठेवत होता.

सेरुवाया उठली. साहेबांकडे तिने पाहिलं नाही. इलाइसाला म्हणाली, "तू बोललास, बरं केलंस. पण ते इथे बोललास. चपला तिथे आहेत."

शनिवारच्या फेरीबोटीने इलाइसा निघाला. मला त्याने स्वच्छ धुऊन, रुमालात गुंडाळून खिशात घेतलं होतं. चूक कशी झाली ते गावासमोर कापून दाखवायचं, हा त्याचा बेत. सरकारी वस्तू विनापरवानगी बाहेर नेली म्हणून त्याच्यावर पुढे ठपका आला, तो वेगळा. काखेत वर्तमानपत्रात बांधलेली यंगोनाची मोठी जुडी होती, सुवाच्या बाजारातून घेतलेली. अपराध कबूल करायला जाणारा माणूस जुडीशिवाय गेला तर त्याला कुणी आत घेत नाही.

बैठकीच्या घरात गावाचे प्रमुख वरच्या टोकाला, म्हातारे त्यांच्याजवळ, बाकीचे खाली. बायका दारापाशी. इलाइसा सर्वांत खाली, मान वाकवून. त्याने जुडी पुढे ठेवली आणि रीतीप्रमाणे आपलं कूळ, गाव, बाप, आजोबा सांगून मग अपराध सांगितला. कसावा माझ्या पिशवीतला होता, म्हणाला.

प्रमुखांच्या वतीने बोलणारा म्हातारा जुडीला हात लावणार, एवढ्यात दारातून सेरुवाया बोलली. अशा वेळी बाईने बोलायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"घ्या, पण आधी तपासून घ्या," ती म्हणाली. "सुवाच्या बाजारातली आहे. तपासणारा घरी आलाच आहे."

दोन-तीन जण खाकरले. म्हाताऱ्याने प्रमुखांकडे पाहिलं, प्रमुखांनी छताकडे. कुणी नको म्हणालं नाही. इलाइसाने रुमाल सोडला. पाणी हाताशी नव्हतं, भिजवायला वेळ नव्हता. त्याने जुडीतली काठी काढली आणि मला कोरडंच ओढलं. पहिल्या ओढीला मला एक खाच पडली. दुसरी काठी घेतली तेव्हा दुसरी. त्याने तो जाडसर काप दाराच्या उजेडात धरला. नळीची गरज नव्हती. मध्यभागी भुसभुशीत गर, खोडाचा. बाकीच्या काठ्या लोकांनी मोडून पाहिल्या, निम्मी जुडी खोडांची निघाली.

आधी एक म्हातारी हसली. मग दारातल्या सगळ्या. मग पुरुषांना काही इलाज राहिला नाही. एक जण थट्टेत मेहुण्याला हाक मारावी तसं म्हणाला, "तवाले, माफी मागायलाही भेसळ आणलीस?" इलाइसाचा चेहरा पाहवत नव्हता. माफीसाठी आणलेली जुडी नापास झाल्यावर माणसाने काय करायचं, याला रिवाजात उत्तर नाही.

सेरुवाया आत आली. तिच्या हातात जुडी होती, मयताच्या दिवशी बाजूला ठेवलेली. ती तिने इलाइसासमोर ठेवली.

"ही दे. माझी माफी माझ्या यंगोनाने माग."

आता कुणी हसत नव्हतं. इलाइसाने जुडी दोन्ही हातांनी उचलली आणि पुढे केली. सगळं घर म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहत होतं. हात लावला तर गावाने तिची यंगोना घेतली. नाही लावला तर चपलांपाशीच राहिली. म्हाताऱ्याने प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी या वेळी छताकडे पाहिलं नाही.

म्हाताऱ्याने जुडीला हात लावला आणि म्हणाला, "सेरुवायाची यंगोना आम्ही घेतली." मग ओंजळीच्या खोल टाळ्या पडल्या, एकापाठोपाठ.

ती कुटायची पाळी साकिउसाची होती. त्याने कुटली. पहिली करवंटी प्रमुख प्यायले, दुसरी त्यालाच प्यावी लागली. यादीचा विषय त्या रविवारी निघालाच नाही.

मी आता प्रयोगशाळेत पत्र्याच्या ट्रेमध्ये आहे. माझ्या दोन खाचा मोजून माझ्या नावापुढे "निकामी, विल्हेवाट लावावी" असा शेरा आला आहे. खाली सही आहे, सहीखाली दोन रेघा. इलाइसाला नवीन पातं मिळालं. आता तो ते परजतो, आणि धरायला बीट वापरतो. बशी रक्तासारखी लाल होते, पण कुणाला काय कापलं ते समजतं. सेरुवायाच्या नव्या मुळांना नवा क्रमांक मिळाला आणि ती पास झाली.

जुना अहवाल मात्र कपाटात धडधाकट आहे. पन्नास वर्षांनी कुणी उघडला तर त्यात तिच्या नावापुढे कसावाच दिसेल.

म्हणून जाण्याआधी एक मागणं. पूर्वी कचेऱ्यांतले कारकून चुकलेलं अक्षर पात्याने खरवडून काढत. कागद फाटू न देता शाई तेवढी उचलायची. हात हलका हवा, बस. त्या कामाला खाचा पडलेलं पातंही चालतं. तुमच्यापैकी कुणाचं त्या कपाटापर्यंत जाणं झालं, तर मी खाली ट्रेमध्येच आहे, डाव्या बाजूला. भंगारवाला शुक्रवारी येतो.